काठीवाली नवशी

नवशी चौथीपर्यंत शिकलेली, पण राज्यशास्त्र तिने एकतीस वर्षं ऐकलं. ऐकलं तेही अर्धंच. डहाणूच्या एका कॉलेजात ती शिपाई होती. आधी तिचा नवरा तुक्या तिथे शिपाई होता. तो तापाने तीन दिवसांत गेला आणि त्याची जागा अनुकंपेवर तिला मिळाली. तिचं स्टूल नेमकं बी.ए.च्या वर्गाच्या दाराशी. तास सुरू झाला की ती कान देऊन बसायची आणि तास रंगात आला की उठायची, कारण खाली जाऊन घंटा द्यायचं काम तिचंच. शिवाय मध्येच प्रिन्सिपलसाहेबांचा चहा, ऑफिसातलं रजिस्टर, कुणाचे तरी पालक. त्यामुळे जगातल्या कुठल्याही थोर माणसाचा विचार नवशीपर्यंत पुरता पोचला नाही. घर चालवणं वेगळं आणि पैशाने पैसा वाढवत सुटणं वेगळं, असं जुन्या ग्रीकांपैकी कुणी तरी म्हणून ठेवलंय, इथवर तिला माहीत होतं. पुढे काय, ते घंटेत गेलं. राजाने कर कसा घ्यावा, तर भुंगा मध घेतो तसा, फूल न चुरगळता, हे मात्र तिला सगळं पाठ होतं, कारण त्या दिवशी साहेब रजेवर होते.

रिटायर झाल्यावर ती तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला, बोरीच्या पाड्यावर परत आली. मुलगा सुनिल उंबरगावच्या कारखान्यात. तिथेच खोली घेऊन राहतो, पंधरा दिवसांनी येतो. घरी सून निलम आणि दोन नातवंडं. दीड एकर भात, चढावर थोडी नागली, आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा. हा झरा मे महिन्यातही आटत नाही. झरा साऱ्या पाड्याचा, पण त्याचं ओसंडलेलं पाणी पहिलं उतरतं ते नवशीच्या शेतात. हे लक्षात ठेवा, कारण पाडा ते कधीच विसरला नाही.

भांडण लागलं ते त्या डोंगराच्या दगडावरून. दगड काळा, घट्ट, खडीला अगदी पहिल्या नंबरचा. मोठमोठ्या रस्त्यांची कामं चालू, खडी पुरत नाही, आणि चारोटीच्या नाक्यावर ऊठबस असलेल्या एका खाणवाल्या शेठची नजर तिथे गेली. पण इथला कायदा असा, की डोंगर फोडायचा तर गावसभेचा ठराव लागतो. शेठ स्वतः चढून आला नाही. त्याने उमेशला धरलं.

उमेश हा नवशीचा पुतण्या, तुक्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. दहा वर्षं डंपर चालवलेला, दोन डंपर आपल्या नावावर असावेत अशी आस धरून बसलेला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. "पाड्यातली अर्धी माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीला जातात," तो म्हणायचा, "पोरांची शाळा सुटते, म्हाताऱ्यांना बघायला कोण नाय. काम इथेच आला तं कोणाचा काय बिघडला?" नवशीने भुंग्याची गोष्ट सांगून पाहिली. "भुंग्याला पोरांच्या फिया नाय भरायला लागत, काकी," उमेश म्हणाला, आणि सगळे हसले. नवशीलाही हसू आलं, हीच तर पंचाईत होती.

पण सुरुंग लागले की झऱ्याचं काय होतं ते तिने दोन डोंगर पलीकडे पाहिलं होतं. तिथल्या बायका आता टँकरची वाट बघतात.

पहिल्या सभेला ग्रामसेविका भारती मॅडम रजिस्टर घेऊन आल्या. सभेचा अध्यक्ष सभेनेच निवडायचा, म्हणून पाड्याने नवशीला पुढे केलं. एवढी वर्षं सरकारी कॉलेजच्या उंबऱ्यावर बसलेली बाई, लिहिणं-सही करणं जमतं, बाकी कोण बसणार त्या खुर्चीत. विषय वाचून झाला. खाण हवी म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं मॅडम म्हणाल्या. एक हात वर झाला नाही. नको म्हणणाऱ्यांनी करा, म्हणाल्या. तेव्हाही नाही. समोर उमेश मोबाईल उभा धरून व्हिडिओ काढत होता, आणि एकोणऐंशी माणसं आपापली कोपरं मांडीला चिकटवून बसली होती. ज्याला खाण हवी त्याला शेजाऱ्याची भीती, ज्याला नको त्याला उमेशची.

"असं कसं चालेल," मॅडम म्हणाल्या, "मी काय कोरा कागद नेऊ वर?"

तेव्हा नवशी उठली. अडीच हजार वर्षांपूर्वीची एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, असं तिने सांगितलं. भिक्षूंचा संघ असायचा, त्यांच्यात एकमत झालं नाही की काठ्या घ्यायचे. दोन तऱ्हेच्या काठ्या. एक भरवशाचा माणूस काठीवाला म्हणून बसायचा, एकेकाला बोलवायचा, ही काठी या मताची, ती त्या मताची, तुला पटेल ती घे म्हणायचा, आणि घेतलीस ती कुणाला दाखवू नको असं बजावायचा. आपल्या मतपेटीच्या किती तरी आधी. राजांचं राज्य असताना भिक्षू असे ठरवायचे.

"गुप्त घेऊ नये असं मला तरी नियमात दिसत नाही," मॅडम पानं उलटत म्हणाल्या.

"आणि काठीवालीच्या हातात एक अधिकार," नवशी म्हणाली, कारण सांगायचं तर सगळं सांगितलं पाहिजे. "तिला वाटला की काठ्या धर्माला सोडून पडल्या, तं तिने तसा बोलायचा आणि परत घ्यायच्या."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. लोकांनी मान डोलावली. सगळ्यात आधी मान डोलावली ती उमेशने, आणि त्याची ती मान नवशीला खटकली. हरणारा माणूस इतक्या चटकन हो म्हणत नाही.

मधे चार दिवस होते. नवशीने कुड्याच्या दोनशे काठ्या तोडून सारख्या मापाच्या केल्या. शंभर सालीसकट ठेवल्या, शंभर सोलल्या. सालीची म्हणजे डोंगर आहे तसा राहू दे; सोललेली म्हणजे खाण. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही कळावं. त्या चार दिवसांत उमेश संध्याकाळी घरोघर फिरत होता, हे तिला दिसत होतं. फिरेना का, तिने मनाला समजावलं. बोलण्यावर थोडीच बंदी आहे.

रविवारी सकाळी दहाला अंगणवाडीच्या खोलीत ती दोन जुड्या समोर घेऊन बसली. पलीकडे अरुंद तोंडाचं मडकं, त्यावर फडकं. बाहेर चिंचेखाली सगळी माणसं, एकेकजण आत येणार, काठी घेणार, फडक्याखालून मडक्यात टाकणार, मागच्या दाराने निघून जाणार. नवशी स्वतः काठी घेणार नव्हती. काठीवालीने घ्यायची नसते.

पहिला लहान्या आला. तिचं बोलणं संपायच्या आत त्याने सोललेली उचलली. त्याच्यामागून दोघे जण आले, त्यांनीही सोललेलीच. मग एक बाई सालीची घेऊन गेली, आणि नवशीचा अडकलेला श्वास सुटला. आपण श्वास अडकवून बसलोय हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. इथे बसायचं म्हणजे सगळं दिसणार, हे तिने आधी धड विचारात घेतलंच नव्हतं. नजर खाली ठेवावी तर समोर जुड्याच. एक जुडी भराभर उतरत होती, दुसरी रेंगाळत होती.

मध्यावर निलम आली. सासू-सुनेने एकमेकींकडे बघितलं नाही. नवशीने सगळ्यांना म्हटलं तेच म्हटलं, ही या मताची, ती त्या मताची, पटेल ती घे, कुणाला दाखवू नको. निलमचा हात आधी सालीच्या जुडीकडे गेला. तिथे थांबला. मग बाजूला सरकला आणि त्याने सोललेली उचलली. मडक्यात काठी पडल्याचा आवाज आला. निलम मागच्या दाराने गेली. रोज पहाटे त्याच झऱ्यावर दोन हंडे भरणारी पोर. पण सुनिलला डंपरवर घेईन, असं उमेशने तिला कबूल केलं होतं, आणि नवरा घरी असावा असं वाटणं हा काय गुन्हा आहे? राग धरायला जागाच नव्हती.

मग चैत्या आला. सत्तरीचा, कमरेत वाकलेला, झऱ्याच्या खालच्या अंगाला त्याचंही पाव एकर. हा सालीची घेणार याबद्दल तिला शंका नव्हती. तो जुड्यांसमोर बसला आणि बसूनच राहिला.

"घे ना, चैत्या."

"मना नाय घेता येत गं," तो हळूच म्हणाला. "उमेशने दाणे दिले होते हातात."

पाड्यावरची जुनी रीत आहे. भाताचे दाणे ओंजळीत घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो. मोडला तर घरातून कणसरी उठून जाते, धान्याची देवी, आणि मग पिकलं तरी पुरत नाही. काठी उमेशला दिसणार नव्हती. देवीला दिसणार होती. अडीच हजार वर्षांपूर्वीची युक्ती नवशीने काढली, आणि उमेशने तिच्याहून जुनी काढली.

"आणखी कोणाला दिले?"

"मना काय ठाव. माझा नाव घेऊ नको बाहेर. नातू त्याच्याच गाडीवर क्लीनर आहे." चैत्याने सोललेली काठी उचलली. डोळे पुसले. मडक्यात टाकली आणि भिंतीला धरून निघून गेला.

उरलेली माणसं येत गेली, जात गेली. शेवटी बुधीबाई, पाड्यातली सगळ्यात म्हातारी, काठी टाकून गेली, आणि खोलीत नवशी एकटी राहिली. तिने मडक्याला हात लावला नाही. त्याची गरजच नव्हती. तिने जुड्यांतल्या उरलेल्या काठ्या मोजल्या. सोललेल्या एकोणसाठ. सालीच्या बासष्ट. म्हणजे मडक्यात सोललेल्या एकेचाळीस, सालीच्या अडतीस. तीन काठ्यांनी डोंगर गेला होता.

तीन काठ्या. त्यातली चैत्याची एक तर उघड उघड जुलमाची. आणखी एखादा जरी तसाच असेल आणि दोघांनी मनासारखी काठी घेतली असती, तर पारडं फिरलं असतं. आणि तिच्या हातात अधिकार होता, रजिस्टरमध्ये लिहिलेला, साऱ्यांनी मान डोलावलेला. मडकं उघडायच्या आधी बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं. आकडा कुणाला कळणारही नाही.

तिला तो तास आठवला. राज्यशास्त्राच्या सरांनी हाच अधिकार फळ्यावर लिहिला होता, आणि रुचिका नावाची पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली होती, "सर, पण धर्म कशात आहे ते ठरवणार कोण? काठीवालाच? मग काठ्या घ्यायच्याच कशाला?" सरांनी खडू खाली ठेवला होता. शहाण्याने ठरवायचं की सगळ्यांनी, या एका प्रश्नावर तेव्हापासून आजवर राजकारणाचा सगळा विचार भांडतोय, असं ते म्हणाले. ग्रीसमधले शहाणे म्हणत, जहाज कुणी हाकायचं ते प्रवाशांचे हात मोजून ठरवतात का? "आणि आजच्या लोकशाहीने यातलं काय घेतलं आणि काय टाकलं," सर म्हणाले, "ते आता बघू." नेमकं तेव्हा नवशीला उठावं लागलं होतं. घंटा देऊन ती जिना धावत चढली होती, पण वर्ग सुटला होता आणि पोरांनी फळा पुसला होता. नंतर सरांना विचारायचं तिने किती तरी वेळा मनात आणलं. शिपाईबाईने असलं काय विचारायचं, म्हणून राहिलं.

आता विचारायला सर नव्हते. ती मडकं कडेवर घेऊन बाहेर आली.

चिंचेखालच्या सगळ्यांनी माना वळवल्या. उमेशने मोबाईल काढला होता. भारती मॅडमनी पेनाचं टोपण उघडलं.

"काठ्या चुकीच्या पडल्या," नवशी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हे मडका उघडायचा नाय. परत घ्यायच्या."

गलका झाला. "उघडलाच नाय तं चुकीच्या कशा समजल्या?" लहान्या ओरडला. "हिच्या शेतात पाणी पडते ना, म्हणून," मागून कुणी तरी म्हणालं, आणि ते म्हणणारा माणूस एरवी नवशीच्या घरी चहा पिणारा होता. उमेश मात्र ओरडला नाही. त्याने मोबाईल खाली केला आणि शांतपणे विचारलं, "काकी, काय चुकला ते सांग. बस."

सांगायचं म्हणजे चैत्याचं नाव घ्यायचं. चैत्या मागे बसला होता, मान गुडघ्यांत. त्याचा नातू उमेशच्या गाडीला टेकून उभा होता.

"सांगता नाय येत."

बुधीबाई काठी टेकत पुढे आली. "नवशे, मी तुझ्या बाजूची बाई आहे, सगळ्यांना ठाव आहे. कारण सांग, आम्ही परत घेऊ. दहा वेळा घेऊ."

"कारण सांगायचा नसते," नवशी म्हणाली. "तो अधिकार आहे माझा."

आणि ते बोलल्याबरोबर तिचं तोंड कडू झालं. हे वाक्य तिचं नव्हतं. तहसीलच्या खिडकीतून ते तिने ऐकलं होतं, तुक्याच्या जागेसाठी अर्ज घेऊन दीड वर्ष फिरताना ऑफिसाऑफिसातून ऐकलं होतं. कारण सांगायला आम्ही बांधलेलो नाही. हे ऐकून परत जिने उतरताना आपल्याला काय वाटायचं ते तिला पुरतं आठवत होतं. आता तिच्यासमोर एकोणऐंशी माणसं तशीच उभी होती.

तिने स्वतःला एक प्रश्न विचारला, आणि तो विचारायला सर लागले नाहीत. ह्याच तीन काठ्या इकडून जास्त असत्या, आणि पलीकडचा कुणी येऊन म्हणाला असता की मला दाणे देऊन बांधलंय, तर हे मडकं मी बंद ठेवलं असतं का? उत्तर लगेच आलं. नाही. तेव्हा आपण म्हटलं असतं, झालं ते झालं. म्हणजे चैत्याचे दाणे खरे, जुलूम खरा, पण तिच्या तोंडून जो धर्म बोलत होता तो तिच्या दीड एकराचा होता. नवशीला लाज वाटली, भर माणसांत, दिवसाढवळ्या.

"मी चुकले," ती म्हणाली. "मना जुड्यांवरून आत दिसला होता, खाणीच्या जास्त गेल्या. म्हणून बोलले. हे घ्या."

तिने फडकं काढलं आणि मडकं सतरंजीवर पालथं केलं.

मॅडम आणि बुधीबाईने मिळून मोजल्या, उमेशने वाकून पाहिल्या. एकेचाळीस आणि अडतीस. खाण हवीवाले मोठ्याने आनंद करायला गेले, पण तो गळ्यातच राहिला. अडतीस हा आकडा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. ठराव लिहून झाला. अध्यक्षाच्या जागी नवशीने सही केली.

माणसं पांगली. निलम खोलीतल्या काठ्या गोळा करायला आत गेली. नवशी पायरीवर बसली होती, तिथे उमेश आला. जिंकलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.

"काकी, एक विचारायचा होता."

"विचार."

"मी एक्कावन्न जणांना दाणे दिले होते." आता लपवण्यात अर्थ नव्हता, किंवा लपवायचं तो विसरला असेल. "माझी धरून बावन्न काठ्या. एकेक ओंजळ माझ्या डोळ्यांसमोर. मग एकेचाळीसच कशा?"

ही पाड्यावरची माणसं भितात, दाण्यांना बांधली गेली की गेली, त्यांचं आपणच काय ते सांभाळून घ्यायचं, असं धरून नवशी मडकं बंद करायला निघाली होती. आणि निदान अकरा जणांनी आत येऊन, देवीला काय सांगायचं ते सांगून, आपल्याला हवी ती काठी घेतली होती. तिला न विचारता. ते कोण ते तिने पाहिलं होतं, फक्त त्यांच्या ओंजळीत दाणे होते हे तिला माहीत नव्हतं. बावन्न नावं उमेशकडे होती आणि अडतीस तिच्याकडे. दोन याद्या शेजारी ठेवल्या की अकरा माणसं उघडी पडणार होती.

उमेशलाही हे सुचलं होतं. तो पायरीवर तिच्या शेजारी बसला.

"तू आत होतीस. तुला सगळे ठाव आहेत." तो आवाज उतरवून बोलला. "मी त्यांना काय करणार नाय. फक्त समजायला पाहिजे, कामावर कोणाला घ्यायचा आणि कोणाला नाय. आणि ऐक. शेठला दगड पाहिजे, बाजूशी त्याला देणाघेणा नाय. पलीकडच्या अंगाने खोदला तरी चालेल. मी आज बोलतो, झऱ्याच्या बाजूला सुरुंग नाय लावायचा, लिहून घेतो. तुझा पाणी राहिला, सगळ्या पाड्याचा राहिला. अकरा नावांची तर गोष्ट आहे."

नवशीच्या समोर खाली शेत दिसत होतं, बांधाच्या कडेने झऱ्याचं पाणी चकाकत उतरत होतं. उमेश खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. तो हे करू शकला असता. सगळ्या पाड्याचं पाणी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला अकरा माणसं, ज्यांना कामावर घेतलं जाणार नाही, एवढंच. हिशेब कुणीही मांडला तरी एकाच बाजूला झुकला असता. सकाळी तिनेही तो तसाच मांडला असता.

"मी सांगितला होता त्यांना," ती म्हणाली, "कोणाला दाखवू नको."

"ते त्यांना सांगितलास. तुला कोणी सांगितला?"

"मीच."

उमेशचा स्वर बदलला. "बरा, त्यांचा जाऊ दे. निलमचा सांग. घरातल्या घरात. तिने शब्द पाळला का? सुनिलची जागा मी तेवढ्यावर धरून ठेवलीय."

आत काठ्या गोळा करण्याचा आवाज थांबला.

एक हो म्हटलं असतं तर सुनिल पंधरा दिवसांनी कायमचा घरी आला असता. आणि ते खरंही होतं; खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. पण एक नाव सांगितलं की बाकीच्यांबद्दल गप्प राहण्याला काय अर्थ उरतो, आणि आज सुनेचं खरं सांगणारी सासू उद्या कुणाचंही सांगेल. नवशीचे डोळे भरून आले आणि तिने ते भरू दिले.

"तिचा पण नाय," ती म्हणाली.

उमेश उठला. चिंचेखाली अजून सात-आठ माणसं विड्या ओढत बसली होती. तो त्यांच्याजवळून गाडीकडे गेला. जाताना एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. त्यांनी त्याला राम राम केला, सगळ्यांनी, अगदी सारखा. तो गाडीत बसला, पण बराच वेळ गाडी सुरू झाली नाही.

निलम दारात येऊन उभी होती, काठ्यांची जुडी छातीशी धरून. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आये," ती म्हणाली, "तू हो म्हटलं असतंस तर ते आले असते घरी."

"आला असता."

"तुला दिसलं होतं मी कुठली घेतली ते."

नवशीने पदराने डोळे पुसले आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"हंडे घे," ती म्हणाली. "झरा आहे तोवर पाणी भरून ठेवू."